तोंड दिसावं, ताट दिसू नये

परभणीत घरोघर गॅस यायला लागला आणि बायका उभ्या राहिल्या. गंमत म्हणून सांगत नाही. तोवर आमच्याकडचा सगळा स्वयंपाक बसून चालायचा. चूल जमिनीवर, परात जमिनीवर, बाई पाटावर. गॅस आला तसा त्याला ओटा लागायला लागला आणि ओटे बांधणारा गवंडी म्हणून माझं नाव झालं. भिंत काय, कुणीही बांधतं. ओट्याला माणूस मोजावा लागतो. ओटा बाईच्या कोपरापेक्षा चार बोटं खाली हवा. वर गेला तर खांदे भरून येतात, खाली गेला तर कंबर धरते. आता परक्या बाईचं कोपर गवंड्यानं मोजायचं कसं? मी पाठ फिरवून उभा राहायचो आणि सांगायचो, "माय, भिंतीला टेकून हात दुमडा, अन् कोपराजवळ कोळशानं रेघ वडा." रेघ ओढल्याचं सांगितलं की मगच वळायचो. माझ्या ओट्यांपुढं उभं राहून कुणाची पाठ दुखली नाही, एवढी बढाई मी मारतो. बाकी फार मिरवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुने भेटली. एका वकिलानं हौसेनं काळ्या कडप्प्याचा ओटा करून घेतला. काही दिवसांनी सहज डोकावलो, तर ओट्यावर देवांच्या तसबिरी मांडलेल्या, गॅस खाली फरशीवर, आणि वकिलीणबाई पाटावर बसून पोळ्या लाटतायत. म्हणाल्या, "उभ्यानं केलेलं अंगी लागत नाही म्हणतात सासूबाई." पाथरीच्या एका हॉटेलवाल्यानं भट्टीचं तोंड रस्त्याकडं करून घेतलं, म्हणजे एसटीतल्या लोकांना भज्यांचा वास जाईल. वासाच्या आधी धूर गेला, आणि ड्रायव्हर गाडी पुढच्या हॉटेलापाशी उभी करायला लागले. त्याची भट्टी पुन्हा फिरवून दिली.

पण मनात राहिलेलं काम कुठलं म्हणाल, तर ते घराच्या आतलं नाही. वालूरच्या पुढं एक गाव आहे, तिथल्या एका सुभेदारांचं.

मी बौद्ध. अठ्ठ्याहत्तर सालानंतर कितीतरी वर्षं खेड्यातलं काम धरायचं तर आधी गावाचं वारं बघावं लागायचं. विद्यापीठाच्या नामांतराचं घोंगडं भिजत पडलेलं, पारावर कोण काय बोलेल त्याचा नेम नाही. म्हणून मी शहरातच राबायचो आणि रात्री पिंगळीला घरी यायचो. सुभेदार सेलूहून पॅसेंजर पकडून थेट माझ्या दारात आले. उंच, ताठ माणूस. फौजेतून निवृत्त होऊन घरची शेती बघत होते. अंगणात बाजेवर बसले आणि काठीनं मातीत रेघा ओढायला लागले.

"मिस्त्री, सैपाकघर बांधायचंय. घराच्या भायेर."

"आत न्हाई का?"

"आत हाय की. ते आमच्या मंडळीचं हाय."

मग त्यांनी समजावलं. ओटा विटांचा. त्यात बसवलेली लोखंडी जाळी. जाळीच्या खाली भोकं पाडलेली नळी, आणि त्या नळीला खालच्या कप्प्यातल्या सिलिंडरचा गॅस. जाळीवर मटण, वांगी, कणसं, काय वाटेल ते भाजायचं. वर पत्र्याचं छप्पर, चारी बाजू मोकळ्या. उत्तरेकडं नोकरीला असताना एका साहेबाच्या बंगल्यात त्यांनी तसलं पाहिलं होतं.

आमच्या भागात घराबाहेरची चूल नवी नाही. घरात कुणी माळकरी असलं की मटण आत शिजत नाही. अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून बाप्येच ते शिजवतात. त्याची भांडी वेगळी असतात, ती गोठ्यात उलटी टांगलेली. पण तीन दगडांसाठी कुणी गवंडी बोलावत नाही. मी म्हणालो, "साहेब, एवढ्याश्या मटनासाठी गॅस, छप्पर, जाळी? कामून?"

सुभेदार काठीनं रेघ पुसत राहिले. मग म्हणाले, "त्या बंगल्यात साहेब कांदा चिरायचा, मेमसाब भाजायची. मग दोगं तितंच बसून जेवायची. मी गेटावर हुबा राहून बगायचो. घराच्या भायेर घराचे नेम लागत न्हाईत, मिस्त्री."

सगळं दुखणं त्या वाक्यात होतं, पण ते मला पुढं हळूहळू उलगडलं. त्यांच्या पत्नी गिरजाबाई लग्नाच्या पहिल्या वर्षांत मटण असं करायच्या की दीर-जावा वाट्या चाटायच्या. एकाहत्तरची लढाई लागली आणि सुभेदारांचं पत्र यायचं थांबलं. बाईंनी देवाला शब्द दिला की नवरा जिवंत घरी येऊ दे, माळ घालीन. नवरा आला. बाईंनी माळ घातली, आणि त्या दिवसापासून नवऱ्याच्या ताटाजवळ बसणं सोडलं. तो सुखरूप आला म्हणून माळ, आणि माळ आहे म्हणून त्याच्या शेजारी बसता येत नाही. देवाशी बोली करताना माणसानं जरा जपून बोलावं असं मला वाटतं, पण त्या घाबऱ्या बाईला तेव्हा कुठलं सुचणार?

"तुमीच खायाचं सोडा की," मी एकदा बोलून गेलो.

"सोडलं होतं. चांगलं दोन वर्सं. तरी जवळ बसंना. म्हणली, बाप्यांच्या आदी बायका जेवत नसत्यात, अन् बरोबर तर न्हाईच न्हाई. मग सोडून काय मिळालं?" ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. लेकी सासरी गेलेल्या. एवढ्या मोठ्या घरात दोनच माणसं, आणि दोघं वेगवेगळ्या वेळी जेवणार.

मी काम घेतलं.

गॅसचं काम चुलीच्या कामाच्या अगदी उलट. चूल बांधणाऱ्याच्या हाडात एक गोष्ट मुरलेली असते, ती म्हणजे धूर वर जातो. म्हणून तो झरोका वर ठेवतो. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर पाण्यासारखा तळाशी साचून राहतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचा झरोका जमिनीलगत ठेवायचा, नाहीतर एक काडी ओढली की ओटा आभाळात. जाळी आणि नळी परभणीच्या बशीरभाईंनी वेल्डिंग करून दिली. नळी आणि जाळीच्या मध्ये मी भट्टीतल्या पक्क्या विटांचे तुकडे पसरले. ते तापले की आच सगळीकडं सारखी लागते, आणि चरबी थेट जाळावर पडून भडका होत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुकडे पडलेले दिसले आणि डोक्यात आलं.

काम सुरू झाल्यावर पहिले काही दिवस गिरजाबाई फिरकल्याच नाहीत. मला पाणी यायचं ते वरून ओंजळीत. त्याची मला सवय होती. माझी रीत ठरलेली, ओटा बांधेपर्यंत घर माझं, ओटा सारवला की उंबऱ्याच्या बाहेर. पण या स्वयंपाकघराला उंबराच नव्हता. त्यामुळं मी कुठं थांबायचं ते ना मला कळेना, ना बाईंना सांगता येईना. शेवटी दोघांनीही तो विषय सोडून दिला.

एक दिवस बाई छपराखाली येऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, माजी चूल कुटं हाय हितं?"

सुभेदारांनी समोरच्या बाजूला त्यांच्यासाठी दुसरा ओटा सांगितला होता, त्याच सिलिंडरवर शेगडी ठेवायला. मी तो दाखवला. बाई कप्प्यातल्या सिलिंडरकडं बघत राहिल्या.

"एकाच टाकीतला जाळ. निम्मा त्येंच्या मटनाला, निम्मा माज्या दुदाला? नगं बाबा. मला मातीची चूल घाला. अन् मदी भिंत पायजे. त्येंच्या जाळीवरचा वारा माज्या चुलीवर आला न्हाई पायजे."

बाई यायचं म्हणतायत हेच मला खूप झालं. मी चूल घातली, शेजारी त्याच जाळावर तापणारा वैल ठेवला, आणि भिंत उचलायला घेतली. तिथून माझी साडेसाती सुरू झाली. दिवसा सुभेदार शेतात गेले की बाई म्हणायच्या, "चढवा आजून, डोक्यापतोर." संध्याकाळी सुभेदार आले की ओल्या विटांचे दोन-तीन थर स्वतःच्या हातानं उतरवून रचून ठेवायचे आणि म्हणायचे, "गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका. भिंतच बगायची तर घरात काय कमी हायेत?" सकाळी मी त्याच विटा पुन्हा चढवायचो. आयुष्यात एवढं बांधून एवढं थोडं उभं राहिलेलं दुसरं काम नाही.

शेवटी मी वैतागलो. म्हणालो, "आज दोगंबी थांबा. काम बंद." दोन पाट आणवले. अर्धवट भिंतीच्या अल्याड सुभेदारांना बसवलं, पल्याड बाईंना. दोघांच्या समोर रिकामी ताटं ठेवली. दोन्ही टोकांना काठ्या रोवून मधे दोरी बांधली आणि ती वर-खाली करायला लागलो.

"बाई, साहेबांचं ताट दिसायलंय का?"

"व्हय."

दोरी चार बोटं वर घेतली. बाईंना मान लांब करू नका म्हणून सांगितलं.

"आता दोरीच्या खालचं दिसत न्हाई समजा. ताट?"

"न्हाई."

"अन् तोंड?"

बाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि खाली बघितलं. सुभेदारही उगीच मिशीवरून हात फिरवत बसले. एवढे कडक फौजी, पण लग्नात अंतरपाटाच्या मागं उभ्या पोरासारखे दिसत होते. मी दोरीच्या जागी काठ्यांवर पेन्सिलनं खूण केली. बसल्या माणसाचं तोंड दिसावं, ताट दिसू नये, एवढी भिंत. त्यानंतर एकही वीट वर गेली नाही की खाली आली नाही.

त्या दिवशी घरी गेलो आणि बायकोला म्हणालो, "वाढून घे तुलाबी, बस." ती म्हणाली, "काय झालंय तुमाला? ऊन लागलं का?" आणि माझं झाल्यावरच जेवली. मीही दुसऱ्यांदा म्हणालो नाही. आता तिला जाऊन बरीच वर्षं झाली. एकट्याचं ताट वाढून घेतो तेव्हा वाटतं, दुसऱ्यांदा म्हणायला काय हरकत होती. रोज म्हणायला पाहिजे होतं.

असो. काम पुरं झालं, आणि जाळी पहिल्यांदा पेटवायचा दिवस आला. सुभेदारांनी मटण मसाल्यात घालून ठेवलेलं. बशीरभाईही परभणीहून कौतुकानं आलेले. तेवढ्यात गिरजाबाई दुधाचं पातेलं घेऊन बाहेर आल्या आणि सरळ जाळीपाशी गेल्या.

"नव्या जाळावर आदी दूद उतू जाऊ द्यावं. मग तुमचं काय ते करा."

याला नाही कोण म्हणणार? नवं घर, नवी चूल, आमच्याकडं पहिला मान दुधाचा. आमच्या घरीसुद्धा करतात. पण शेगडीवर दूध उतू गेलं तर बाहेर सांडतं. इथं जाळीखाली सगळं उघडं. दूध भसकन वर आलं आणि विटांच्या तुकड्यांवरून थेट नळीत उतरलं. फस्स आवाज झाला, करपट वास सुटला, आणि नळीच्या भोकांवर साय धरली. जाळ गुडूप. बशीरभाईंनी कपाळाला हात लावला, "मिस्त्री, मैं आग की मशीन बनाया था. ये तो दूध पी को बैठ गई!"

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि हसायला लागल्या. थांबता थांबेनात. सुभेदार जाळीकडं बघतच नव्हते, बाईंकडं बघत होते. मटण त्या दिवशी तीन दगडांवरच शिजलं. बशीरभाईंनी नळी काढून दाभणानं एकेक भोक मोकळं करून दिलं.

मला वाटलं, आता जमलं. पण जमलं नाही.

पुढं वालूरकडं काही काम निघालं की मी वाट वाकडी करून तिकडं जायचो. सुभेदार जाळीपाशी एकटे बसलेले असायचे. कणसं भाजलेली, वांगी भाजलेली, कधी मटण. मला म्हणायचे, "बसा मिस्त्री," आणि माझ्यासाठी ताट करायचे. भिंतीपलीकडं बाईंचा पाट मांडलेला, रिकामा. त्यांची चूल स्वच्छ सारवलेली असायची, पण तिच्यात राख नसायची. म्हणजे बाई येऊन सारवून जायच्या. पेटवायच्या मात्र नाहीत.

"येती की," सुभेदार म्हणायचे. "सारवायला येती. म्हंजे मनात हाय. एक दिस बसंल." आणि भिंतीपलीकडं बघत जेवायचे. तोंड दिसावं म्हणून मी भिंत मापात बांधली होती, आणि त्या भिंतीपलीकडं तोंडच नव्हतं. घराचे नेम बाहेर लागत नाहीत असं सुभेदारांना वाटलं होतं. बाईंच्या बाबतीत ते नेम त्यांच्याबरोबरच बाहेर यायचे, त्याला कोण काय करणार?

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस ओळखीच्या एसटी कंडक्टरकडून निरोप आला की सुभेदारांच्या बाईंनी बोलावलंय, थापी, हातोडा घेऊन या. मी दुसऱ्याच दिवशी निघालो.

सुभेदारांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. त्यांची बाज छपराखाली, जाळीच्या बाजूला टाकलेली. एवढा उंच माणूस, पांघरुणाखाली पोरासारखा दिसत होता. मला बघून त्यांनी डावा हात थोडा उचलला. भिंतीपलीकडं गिरजाबाईंची चूल पेटलेली होती. तिच्या तोंडाला काजळी धरली होती. भाकरी तव्यावर होती. मी किती वेळ त्या जाळाकडंच बघत राहिलो.

"घरात ठिवलं तर हात करत्यात, भायेर न्या म्हणून," बाई म्हणाल्या. "म्हून हितं आणलं. मीबी हितंच सैपाक करायलेय. पण मिस्त्री, ही भिंत काढा."

"काय झालं भिंतीला?"

"तुमी बसल्या माणसाचं माप घेतलं होतं. आता ते निजूनच असत्यात. भाकर थापता थापता दिसतच न्हाईत मला. सारकं उटून बगावं लागतंय."

मी हातोडा काढला. वरचा थर उतरवला. बाई चुलीपुढं बसून बघत होत्या.

"दिसायलेत का?"

"न्हाई आजून."

आणखी एक थर काढला. मग आणखी एक. प्रत्येक वेळी विचारत होतो आणि त्या नाही म्हणत होत्या. बांधलेलं पाडताना गवंड्याला वाईट वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही. जवळजवळ तळापर्यंत आलो तेव्हा विचारायची गरज उरली नाही. बाई चुलीतला जाळ सारायचं सोडून समोर बघत होत्या, आणि बाजेवरून सुभेदार त्यांच्याकडं.

मग बाई उठल्या. विटांच्या ढिगाला वळसा घालून गॅसच्या ओट्यापाशी आल्या. तिथं जाळीवर एक झाकलेलं पातेलं होतं.

"गॅस पेटवून द्या. मला त्ये जमत न्हाई. अळणी हाय."

अळणी म्हणजे नुसत्या हळदी-मिठात शिजवलेल्या मटणाचं पाणी. आजाऱ्याला ताकद यावी म्हणून देतात. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाई, पण माळ?"

त्यांनी गळ्याकडं हातही नेला नाही. "पुतण्याची बायको करून आणती. त्ये थुकून टाकत्यात. माजंच पायजे. अन् माळ ज्याच्यासाटी घातली त्याच्यासाटीच शिजवायलेय. देवाला कळत आसंल तर कळंल. न कळंल तर मी काय करू?"

मी काडी ओढली. थोड्या वेळानं पातेल्याला वाफ धरली. बाईंनी पळीभर पाणी वाटीत काढलं आणि माझ्यापुढं धरलं.

"मीठ बगा. मला चाखता येत न्हाई."

त्या घरानं मला वरून पाणी घातलेलं होतं. भिंत सरळ आहे का, ओटा पाणसळीत आहे का, हे लोक मला विचारत आले, पण मीठ कुणी विचारलं नव्हतं. मी वाटी तोंडाला लावली. डोळ्यांत पाणी आलं ते गरम होतं म्हणून, असं मी तेव्हा सांगितलं.

"बरोबर हाय," मी म्हणालो.

बाईंनी वाटी भरून घेतली. दुसऱ्या हातात आपलं ताट घेतलं, भाकरी आणि वरण वाढलेलं. पाट ओढून बाजेला लागून बसल्या. चमच्या-चमच्यानं अळणी पाजायला लागल्या. सुभेदार गिळत होते. ओठाच्या कडेनं ओघळलेलं त्या पदरानं पुसत होत्या. मी विटा रचायचं निमित्त करून तिकडं पाठ केली, पण कान तिकडंच होते. सुभेदार जड जिभेनं काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही.

"व्हय," बाई म्हणाल्या. "बसलेय की."

मी वळून बघितलं. सुभेदारांचा डावा हात हळूहळू बाजेवरून खाली सरकत होता. तो बाईंच्या ताटावर आला, भाकरीचा एक तुकडा मोडला, वरणात बुडवला, आणि तसाच स्वतःच्या तोंडाकडं गेला.

बाईंनी ताट मागं घेतलं नाही.